धुराचा रंग आणि उस्तादांचे तीन प्रश्न

गाडीच्या सायलेन्सरमधून धूर यायला लागला की मालकाच्या पोटात गोळा येतो. आता इंजिन खोलावं लागणार, हजारो रुपये जाणार, ही पहिली भीती. मी कविता लिहिणारा माणूस. यंत्राचं शास्त्र मला बीएच्या वर्गात कोणी शिकवलं नाही. पण माझे मोठे मामू मिरजेत मोटारींचे मिस्त्री होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. आमच्याकडे शायरीतही उस्ताद असतो आणि गॅरेजातही. चूक नेमकी कुठे आहे, तिथे बोट ठेवणं हे दोघांचंही काम.

मामू म्हणत, "पान्ह्याला हात लावण्याआधी तीन गोष्टी विचार. धुराचा रंग कोणता? तो केव्हा येतो? आणि गाडी काय पिते, पाणी, ऑइल की पेट्रोल?"

आधी पांढरा रंग. थंडीच्या सकाळी गाडी सुरू केल्यावर जो पातळ पांढरा धूर दिसतो, ती पाण्याची वाफ असते. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच. इंजिन तापलं की ती दिसेनाशी होते. तिला घाबरू नये. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल, त्याला गोडसर वास असेल आणि कूलंट वरचेवर कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. अशी गाडी दामटू नये. हेड वाकलं तर खर्च कितीतरी वाढतो. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. गाडीचं अॅव्हरेजही पडतं. इथे आधी एअर फिल्टर काढून पाहावा. तो धुळीनं चोक झाला असेल तर काम थोडक्यात भागतं. फिल्टर स्वच्छ असेल, तर मग इंजेक्टर आणि सेन्सर तपासावेत.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. लोक सर्वांत जास्त घाबरतात ते यालाच, आणि नको तो खर्चही इथेच होतो. आमच्या शेजारी शाळेची मुलं नेणारी व्हॅन चालवणारा एक तरुण होता. व्हॅनवर कर्ज, घरात आजारी आई. एका गॅरेजनं धूर बघून त्याला सांगितलं, इंजिन बोअर करावं लागेल. तो बायकोच्या पाटल्या मोडायला निघाला होता. मामूंनी त्याला एवढंच विचारलं, "बेटा, धूर येतो केव्हा?" तो म्हणाला, "सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर. मग थांबतो."

रात्रभर गाडी उभी असताना जीर्ण वॉल्व्ह सीलमधून ऑइल थेंबथेंब खाली झिरपतं आणि सकाळी एकदम जळतं. घाट गिअरमध्ये उतरून खाली आल्यावर अॅक्सिलरेटर दाबताच निळा लोट उठला, तरी बोट सीलकडेच जातं. याउलट घाट चढताना, इंजिनवर जोर पडताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा झिजल्या असण्याची शक्यता मोठी. मामूंनी तरीही अंदाजावर काम केलं नाही. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. ते कमी भरलं, तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर दोष रिंगांचा. या व्हॅनचं कॉम्प्रेशन मुळातच चांगलं होतं. सील बदलले, धूर थांबला. पाटल्या हातातच राहिल्या.

पीयूसीची चाचणी जरूर करावी, पण ती प्रदूषण किती आहे ते सांगते, कशामुळे ते सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानकं लागू झाली. नव्या गाड्यांत धूर गाळणाऱ्या, शुद्ध करणाऱ्या यंत्रणा आहेत. त्यामुळे थोडं ऑइल जळत असेल तर ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी सपाट जागी गाडी उभी करून डिपस्टिक पाहावी. ऑइल कमी होतंय आणि खाली गळती नाही, तर ते आत जळतंय.

शेवटी एक गोष्ट फार महत्त्वाची. जिवावर उठणारा वायू दिसतच नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धूर अजिबात नसलेली गाडीसुद्धा बंद गॅरेजात चालू ठेवली तर माणूस दगावू शकतो. बंद जागेत एसी लावून गाडीत झोपू नका, मुलांनाही झोपवू नका. धुराचा रंग ओळखलात तर पैसे वाचतील. ही खबरदारी घेतलीत तर जीव वाचेल.