बॅगेचं माप लोकलचं
(रेडिओवरील भाषण)

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याला, लक्षद्वीपला, कोचीला क्रूझ जायला लागली त्याला आता काही वर्षं झाली. सप्टेंबर 2021मध्ये कॉर्डेलिया क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज सुरू झालं आणि क्रूझ ही फक्त सिनेमात बघायची गोष्ट राहिली नाही. डोंबिवली-कल्याणच्या सोसायट्यांमध्ये लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, निवृत्ती, मुलीचा पहिला पगार अशी निमित्तं काढून माणसं जहाजावर जाऊ लागली. जहाजावर काय बघायचं आणि काय खायचं हे जाहिरातींनी तुम्हाला सांगितलंच आहे. मला दिलेल्या दहा-बारा मिनिटांत मी फक्त बॅगेबद्दल बोलणार आहे. माझं म्हणणं एवढंच, की बॅगेचं माप जहाजावरून ठरवू नका, प्रवासातल्या सगळ्यात अरुंद टप्प्यावरून ठरवा. आणि डोंबिवलीकराचा सगळ्यात अरुंद टप्पा समुद्रावर नसतो. तो डोंबिवली ते सीएसएमटी या 48 किलोमीटरमध्ये असतो.

विमानाला जाताना आपण शहाण्यासारखे वागतो, कारण तिथे काटा असतो. आपल्याकडच्या बहुतेक विमान कंपन्या साध्या तिकिटावर केबिनमध्ये 7 किलोची एकच बॅग नेऊ देतात, म्हणून आपण घरी वजनकाट्यावर बॅग धरून उभे राहतो, एक चप्पल काढतो, एक पुस्तक काढतो. जहाजावर असा काटा सहसा कोणी लावत नाही. मग आपण म्हणतो, जहाज केवढं मोठं, एका बॅगेने काय बुडणार आहे? जहाज बुडणार नाही हे मलाही कबूल आहे. पण जहाजाच्या मोठेपणाचा तुमच्या बॅगेशी संबंध काय? एम्प्रेस साधारण 210 मीटर लांब आहे. आपली बारा डब्यांची लोकल त्याहून लांब असते, आणि गर्दीच्या वेळी जहाजाच्या दुपटीहून जास्त माणसं पोटात घेते. तरी लोकलमध्ये आपण दोन मोठ्या बॅगा घेऊन चढत नाही, कारण गाडी किती लांब यापेक्षा दारात किती जागा आहे हे तिथे महत्त्वाचं असतं, हे कुठल्याही डोंबिवलीकराला सांगायची गरज नाही. सॅक पाठीवरून काढून पुढे घ्यायची हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. तेच शहाणपण सहलीच्या दिवशी घरी का राहतं, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता कोणी म्हणेल, क्रूझची वेळ सहसा दुपारची, त्या वेळी गाडीला कुठे गर्दी असते? आणि परत येताना जहाज सकाळी लागतं, म्हणजे आपण गर्दीच्या उलट दिशेने येणार. खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण गर्दी नसली तरी स्टेशनचा पूल तोच असतो, गाडीची पायरी तीच असते, आणि परतताना डोंबिवलीला गाडी थांबते ती वीस-तीस सेकंदच. त्यात आजी उतरणार, नातू उतरणार, आणि मग बाबा दोन मोठ्या बॅगा ओढणार? सरकते जिने झाले, लिफ्ट झाली, छान झालं. पण लिफ्टसमोर रांग असते, आणि ज्याला ती खरोखर हवी तो काठी टेकत मागे उभा असतो. दुसरा आक्षेप टॅक्सीचा. घरापासून थेट बंदरापर्यंत गाडी केली की झालं! जरूर करा, परवडत असेल तर करा. मात्र टॅक्सीच्या डिकीत दोन मोठ्या बॅगा बसल्या की चौथ्या माणसाच्या मांडीवर तिसरी येते, आणि जहाज वाहतूककोंडी सुटायची वाट बघत थांबत नाही. हातात एकच बॅग असेल तर सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर चालत जाण्याइतकं जवळ आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, म्हणून त्याला जरा वेळ देतो. बंदरावर गेलं की जहाजाची माणसं बॅगा घेतात, चिठ्ठी लावतात आणि खोलीपर्यंत नेऊन देतात. मग आपण उचलायच्या कशाला? उत्तर असं, की ती बॅग तुमच्याआधी खोलीत पोचत नाही. हजार-दीड हजार माणसांच्या बॅगा तपासून, मजल्यामजल्यावर वाटायला काही तास लागतात. तोवर तुम्ही जहाजावर असता आणि तुमची संध्याकाळची गोळी, चष्मा आणि पोरांचे पोहायचे कपडे कुठल्यातरी गाड्यावर असतात. म्हणजे हातात एक छोटी बॅग तुम्ही घेणारच आहात. उतरायच्या आदल्या रात्रीही बहुतेक जहाजांवर मोठ्या बॅगा बंद करून दाराबाहेर ठेवायला सांगतात. दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे बाजूला काढून ठेवायचे विसरलात तर रात्रीच्या पायजम्यावर गोदीत उतरायची वेळ येते. ज्याची बॅग त्याच्याच हातात आहे त्याला अनेक जहाजांवर लवकर उतरता येतं. हातातली बॅग सोय म्हणून नाही, स्वातंत्र्य म्हणून घ्यायची. परत सांगतो, कारण रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही: उचलणारा कोणी मिळेल हे धरून बॅग भरू नका. तुम्हाला स्वतःला, एका हाताने, पुलाच्या शेवटच्या पायरीपर्यंत नेता येईल तेवढीच भरा.

भरायची कशी? गृहिणींना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, कारण त्यांच्या ओट्यावर मिसळणाचा डबा असतो. सात वाट्या, एक चमचा, वर झाकण. मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट, मेथी, धनेपूड. एवढ्यातून वर्षभराच्या आमट्या, भाज्या, कोशिंबिरी होतात. त्या डब्यात कोणी किलोची पुडी ओतत नाही. वाटीत मावेल तेवढंच घेतो, आणि झाकण लागलं नाही तर जोर लावत नाही, वाटी कमी करतो. कपड्यांचं तसंच करा. दोन पँटी किंवा दोन सलवारी, तीन-चार वरचे कपडे, आणि सगळे एकमेकांवर चालतील अशा रंगांचे. मोहरी जशी आमटीलाही चालते आणि चटणीलाही, तसा कपडा निवडायचा. फक्त एकाच साडीवर जाणारा ब्लाऊज आणि फक्त त्याच साडीवर जाणारी चप्पल ही डब्यात न मावणारी आठवी वाटी आहे. हिंग मात्र आपण त्या डब्यातही छोट्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवतो, कारण त्याचा वास बाकीच्यांना लागतो. ओला पोहायचा पोशाख, शॅम्पू, खोबरेल तेल यांची जागा तशीच वेगळ्या बंद पिशवीत. आणि रोज लागणारी वाटी चमच्याजवळ, म्हणजे औषधं आणि कागद वरच्या कप्प्यात. हा डबा आणखीही ताणता येईल, पण निवेदक घड्याळाकडे बघत आहेत.

वजनाचं थोडं गणित करू. चाकांची कडक बॅग रिकामीच अडीच-तीन किलोची असते. म्हणजे विमानाने सिंगापूरला किंवा दुबईला जाऊन तिथून क्रूझ पकडणाऱ्याच्या 7 किलोंतले जवळजवळ निम्मे बॅगेनेच खाल्ले. कापडी, मऊ बॅग किलोच्या आत मिळते, आणि खोलीत पलंगाखाली सरकते. जहाजाच्या आतल्या खोल्या साधारण शे-सव्वाशे चौरस फुटांच्या असतात. त्यात दोन किंवा चार माणसं. तिथे कडक बॅग उघडून ठेवली की चालायची वाट बंद होते. जीनची पँट पाऊण किलोच्या आसपास, ओली झाली तर समुद्राच्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. सिंथेटिक मिश्रणाचा कपडा रात्री धुवून टॉवेलात गुंडाळून पिळला की सकाळी बहुधा अंगावर घालता येतो. इस्त्री मात्र बॅगेत टाकू नका, किटलीही नको. आगीच्या भीतीने जवळपास सगळ्याच जहाजांवर त्या बंदी असलेल्या वस्तू आहेत, तपासणीत काढून घेतल्या जातात. चुरगळणारी कॉटनची साडी घरी ठेवा, जॉर्जेट घ्या. पैठणी? पैठणीबद्दल पुढे बोलतो, वेळ राहिला तर.

काही ज्येष्ठ श्रोते म्हणतील, आमच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात बोटी जायच्या, तेव्हा ट्रंका होत्या, वळकट्या होत्या, फणसही होता, आणि काही अडलं नाही. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी आणि पुढे चौगुल्यांच्या बोटी यांचा तो काळ. पण तो सगळा पसारा कशासाठी होता ते बघा. चाकरमानी सुट्टीचा महिना काढायला जात होता. गावात दुकान नव्हतं, बोटीवर गादी नव्हती, म्हणून वळकटी लागायची. अनेक बंदरांत बोट किनाऱ्याला लागायचीच नाही. ती दूर समुद्रात उभी राहायची आणि पडावातून ये-जा व्हायची. हलत्या पडावातून ट्रंक वर चढवताना खलाश्यांचे कष्ट किती होते हे त्या प्रवाशांनाच विचारा. आजच्या जहाजावर गादी आहे, टॉवेल आहे, साबण आहे, दिवसातून चार वेळा जेवण आहे. आजोबांना गरज होती म्हणून त्यांनी ओझं नेलं. आपल्याला गरज नसताना आपण त्यांचा दाखला देतो, हे काही बरोबर नाही. आणि लक्षद्वीपला तर आजही जहाज दूर उभं राहतं नि छोट्या बोटीने उतरावं लागतं. तिथे खांद्याला एक पिशवी पुरे.

खाण्याचं आलंच आहे तर सांगतो. आपल्याकडे प्रवास म्हटला की चिवडा, लाडू, लसणाची चटणी, लोणचं. बहुतेक जहाजकंपन्या घरचं शिजवलेलं खाणं वर आणू देत नाहीत, आणि विमानाने जाणाऱ्यांचं तेल सुटलेलं लोणचं केबिनच्या तपासणीतच अडकतं. परदेशी जाणाऱ्या विमानात तर द्रव पदार्थाची प्रत्येक बाटली 100 मिलीलिटरपर्यंतचीच हवी. ज्यांना बोट लागते त्यांनी आवळासुपारी आणि डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी तेवढी जवळ ठेवावी, तिचं वजन काहीच नाही. पॉवर बँक असेल तर ती हातातल्या बॅगेतच. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ती चालत नाही.

आता सजण्याबद्दल. एका रात्री नटूनथटून जेवायला जायचं असतं, फोटो काढायचे असतात, आणि प्रत्येक फोटोत तोच कुर्ता दिसला तर घरातलं कोणीतरी म्हणणार, ‘एवढे पैसे खर्चून हेच घालायचं होतं का?’ या आक्षेपाला मी हसत नाही. हौस ही सहलीची अर्धी मजा आहे. म्हणून एक वाटी हौसेची ठेवा. पैठणी न्यायची तर एकच न्या, पुरुषांनी कोट न्यायचा तर तो अंगावर घालून न्या, आणि रोज वेगळं दिसायचं असेल तर ओढणी बदला, दागिना बदला. चार ओढण्यांना एका जीनपेक्षा कमी जागा लागते. फोटोतला माणूस खूश दिसला की कपडा कोणी बघत नाही, असं मी म्हणणार नाही. बघतात. पण मागे समुद्र असतो, त्याचा थोडा उपयोग होतो.

तान्ही मुलं असलेल्यांना आणि इन्शुलिन, नेब्युलायझर घेऊन फिरणाऱ्यांना माझा हा नियम लागू नाही. त्यांनी लागेल ते सगळं न्यावं. उलट, त्यांच्यासाठी हात मोकळे असावेत म्हणूनच बाकीच्यांनी हलकं यावं. घरात चार माणसं असतील तर चौघांच्या मिळून एका मोठ्या बॅगेपेक्षा प्रत्येकाची आपली एक छोटी बॅग चांगली. दहा वर्षांच्या मुलालाही आपली बॅग उचलता येते, आणि ती त्यानेच भरली तर… पण हा विषय वेगळा आहे, त्याला वेगळी दहा मिनिटं हवीत.

वेळ संपला. एक शेवटचं. तिकीट, मूळ ओळखपत्र, परदेशी जात असाल तर निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, आणि डॉक्टरांची चिठ्ठी, हे चार कागद बॅगेत टाकू नका. ते अंगावरच्या पिशवीत ठेवा, आणि आज रात्रीच शोधून ठेवा, निघायच्या सकाळी नाही.