तीन फडक्यांची परीक्षा



आज आम्ही तुमच्यासमोर भाषण करायला उभे नाही. आम्ही एक गोष्ट सांगणार आहोत. ती आमच्या डोळ्यांदेखत घडली. गोष्ट एका तेलाच्या बाटलीची आहे, आणि एका इवल्याशा किड्याची आहे. तो किडा म्हणजे गोचीड.

तुम्ही म्हणाल, गोचीड काय आम्हाला ठाऊक नाही? गाई-म्हशींच्या कानात, कासेला ती नेहमीच असते. खरं आहे. पण रानातल्या गोचिडीची पिल्ले तिळाहूनही लहान असतात. पायावर चढली तर मुंगीइतकीही जाणवत नाहीत. आणि त्यांतली एखादी माकडताप घेऊन येते.

हा ताप प्रथम ओळखला गेला १९५७ साली. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाचे जंगल आहे. तिथे माकडे पटापट मरू लागली. मागोमाग रानात जाणारी माणसे तापाने पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ तिथे गेले. त्यांनी रोगाचे मूळ शोधले. हा रोग एका विषाणूचा आहे, आणि तो गोचीड चावल्याने होतो, हे कळले. पुढे अनेक वर्षे हा ताप कर्नाटकातच होता. मग तो हळूहळू पसरला. २०१६ साली तो आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात आला. शेजारी गोव्यात सत्तरी भागातही लोक आजारी पडले.

या तापाचे दिवस कोणते? थंडी सुरू झाल्यापासून पाऊस पडेपर्यंत. आणि आपले काजूचे दिवस कोणते? तेच. काजू गोळा करायचा, लाकडे आणायची, पातेरा आणायचा, सगळे याच दिवसांत. रानात जाऊ नका, असे सांगणे सोपे आहे. पण रानात गेले नाही तर चूल कशी पेटेल?

म्हणून प्रश्न असा पडतो की जायचे तर कसे जायचे?

आम्ही ट्रस्टची माणसे दोडामार्गकडच्या एका गावात रात्रीचा वर्ग चालवीत होतो. आदल्या हंगामात शेजारच्या वाडीतला एक कर्ता पुरुष या तापाने गेला होता. घरोघर भीती होती. आरोग्य केंद्राने अंगाला लावायचे तेल वाटले होते. पण बहुतेक घरांत बाटली फळीवर तशीच पडलेली. कुणी म्हणे, वास येतो. कुणी म्हणे, चिकट लागते.

वर्गात एक आजोबा येत. साठी उलटल्यावर अक्षरे शिकायला बसलेले. ते म्हणाले, "ह्या बाटलीचा काय कौतुक! आमी करंजेल लावतंव. माका काय होवचा नाय."

एक काकू म्हणाल्या, "दोन्ही तेलंच. तेलकट अंगावर गोचीड टिकायचीच नाही. मग खोबरेल लावलं तरी काय बिघडलं?"

वाद वाढला. ज्याचे त्याला खरे वाटे. तेव्हा आम्ही म्हटले, वाद कशाला? पारखून बघू या.

आता पारखायचे कसे? डासांचे औषध पारखताना लोक एका हाताला लावतात, दुसरा हात कोरा ठेवतात, आणि डास कुठे बसतात ते बघतात. पण इथे तसे करणे म्हणजे आगीशी खेळ. कोऱ्या पायाला एक गोचीड चावली आणि तीच विषाणूची निघाली तर? माणसाचा पाय काही परीक्षेला लावायचा नसतो.

म्हणून आम्ही पायाऐवजी फडके घेतले. शास्त्रज्ञही रानात गोचिडी शोधताना पांढरे फडकेच ओढतात. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही. ती गवताच्या टोकावर, पानाच्या कडेला बसते. पुढचे पाय पसरून वाट बघते. कुणी घासून गेले की पकडते. तिला माणूस आहे की फडके, हे आधी नीट समजत नाही. आणि पांढऱ्या फडक्यावर ती लगेच दिसते.

आम्ही एका जुन्या धोतराची तीन फडकी केली. तिन्ही सारख्या मापाची. एकेका काठीला एकेक बांधले. पहिले कोरे ठेवले. दुसऱ्याला आजोबांचे करंजेल लावले. तिसऱ्याला आरोग्य केंद्राचे तेल. जेवढे करंजेल, तेवढेच ते. कमी-जास्त नाही.

आशाताईंना विचारून जागा ठरवली. जिथे माकड मेलेले नाही अशी टेकडी घेतली. सगळ्यांनी लांब पँटी घातल्या, वरून मोजे चढवले. काकूंनी लुगड्याखाली मुलाची पँट घातली, तेव्हा सगळा वर्ग हसला. काकूही हसल्या. अंगाला आरोग्य केंद्राचे तेल सगळ्यांनीच लावले. आजोबांनीही लावले, पण कुरकुरत.

सकाळी आठ वाजता निघालो. वर्गातल्या एका मुलीने पाटीवर लिहिले, "तेल लावले, ८ वाजता." ही मुलगी चार महिन्यांपूर्वी आपले नावही लिहीत नव्हती.

तिघे जण शेजारी शेजारी चालले. फडकी झुडपांवरून आणि पातेऱ्यावरून ओढीत. वीस पावले झाली की थांबायचे. फडके उलटून बघायचे. एक गोचीड सापडली की त्या फडक्याच्या नावाने एक चिंचोका ठेवायचा. गोचीड चिकटपट्टीने उचलायची, हाताने नाही. मग माणसांनी जागा बदलायच्या. नाहीतर म्हणाल, उजवीकडच्या झाडीत गोचिडीच जास्त होत्या.

पहिल्या तासाला काय दिसले? कोऱ्या फडक्याची चिंचोक्यांची रास चांगली मोठी झाली. करंजेलाची लहान. आरोग्य केंद्राच्या तेलाची तर दोन-चार दाण्यांचीच.

आजोबा खूश झाले. म्हणाले, "बघा, करंजेल चालतंय की नाही?" आम्ही म्हटले, चालतंय, आजोबा. पण दिवस अजून बाकी आहे.

दुपारी बारा वाजता तीच फडकी घेऊन पुन्हा निघालो. नवीन तेल लावले नव्हते. आता मात्र करंजेलाच्या फडक्यावर गोचिडी चढू लागल्या. त्याची रास कोऱ्या फडक्याच्या राशीला येऊन मिळाली. काकूंनी फडके चाचपले. म्हणाल्या, "अजून तेलकट आहे की हो! मग ह्या चढल्या कशा?"

काकूंनीच आपल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. नुसत्या तेलकटपणाने गोचीड अडत नाही. तिला पुढच्या पायांनी वास कळतो. औषधाच्या वासाने ती गोंधळते, मागे फिरते. वास उडाला की तेल राहते, पण औषध राहत नाही. असले औषध गोचिडीला मारत नाही. ते फक्त तिला दूर ठेवते, आणि तेही काही तासच.

आरोग्य केंद्राच्या तेलाची रास दुपारीही लहानच होती. पण सकाळपेक्षा मोठी होती. हेही आम्ही पाटीवर लिहिले. लपवले नाही.

एवढ्यात एक प्रसंग घडला. परत येताना व्हाळ लागला. ऊन फार होते. काकूंनी मोजे काढले, पँट वर केली आणि पाय धुतले. मग तशाच झाडीतून वर आल्या. घरी येऊन बघतात तर घोट्याजवळ काळा ठिपका. तीळ वाटला. पण तो हलला.

काकूंचा चेहरा उतरला. शेजारच्या वाडीतला माणूस सगळ्यांना आठवला. आशाताईंनी बारीक टोकाचा चिमटा घेतला. गोचीड कातडीजवळ धरली आणि सरळ वर ओढली. चिरडली नाही. विडीचा चटका दिला नाही, रॉकेल लावले नाही. मग जागा साबणाने धुतली. पाटीवर तारीख लिहिली. हा ताप यायचा तर बहुधा तीन ते आठ दिवसांत येतो. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी काकूंच्या ओसरीवर जाऊन बसे. "डोकं दुखतंय का? अंग मोडून येतंय का?" असे विचारी. आठ दिवस गेले. काकूंना काही झाले नाही. पण ते आठ दिवस त्या घरात कुणी नीट जेवले नाही.

चूक काय झाली? तेल चांगले होते. पण पाण्याने ते धुऊन गेले. घामानेही जाते. बाटलीवर लिहिलेच होते की काही वेळाने तेल पुन्हा लावावे. पाटीवाल्या मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवले. आजोबा गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "पुन्हा एकदा वाच." दुसऱ्या दिवसापासून त्यांची बाटली फळीवरून खाली आली.

आता असली औषधे आली कुठून, तेही सांगतो. अमेरिकेच्या सैन्याने १९४६ साली डीट नावाचे औषध तयार केले. ते रानावनात लढणाऱ्या शिपायांसाठी होते. १९५७ पासून ते साध्या लोकांना मिळू लागले. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने डेपा नावाचे औषध तयार केले. कर्नाटकात माकडतापाच्या गावांत डेपाचे तेल वाटतात.

तर मंडळी, रानात जाताना एवढे ध्यानात ठेवा.

बाटलीवरचे अक्षर वाचा. किती वेळाने पुन्हा लावायचे ते बघा. व्हाळ ओलांडला, घाम फार आला, तर लगेच पुन्हा लावा. डोळ्यांत, तोंडात, जखमेवर लावू नका. लहान मुलांच्या हाताला लावू नका, ती हात तोंडात घालतात.

नुसत्या तेलावर विसंबू नका. अंगभर कपडे घाला. घरी आल्यावर साबणाने अंघोळ करा. कपडे गरम पाण्यात धुवा. एकमेकांचे अंग तपासा. काख, मांडी, कानामागे, कमरेला बघा. रानातला पातेरा घरात आणि गोठ्यात आणू नका. त्यातून गोचिडी येतात.

मेलेले माकड दिसले तर हात लावू नका. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात. दुरूनच मागे फिरा आणि आरोग्य केंद्राला कळवा.

रानातून आल्यावर एकाएकी ताप आला, डोके आणि अंग फार दुखू लागले, तर अंगावर काढू नका. दवाखान्यात जा, आणि रानात गेलो होतो हे आपणहून सांगा. या तापावर खास औषध नाही. पण वेळेवर उपचार झाले तर बहुतेक रोगी बरे होतात. हा ताप एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. म्हणून आजारी माणसाला वाळीत टाकू नका.

आजोबांच्या करंजेलाला आम्ही नावे ठेवत नाही. ते दिव्याला चालते, खरजेला लावतात. पण जिथे जिवाचा प्रश्न आहे, तिथे माझे तेल की तुझे तेल हा हट्ट नको. फडकी घ्या, चिंचोके मोजा, आणि जे खरे दिसेल ते माना.

ती पाटी अजून आमच्या वर्गात टांगलेली आहे. आता तिच्यावर काजूवाले जातानाची वेळ लिहितात, आणि दुपारी कुणीतरी रानात हाक देतो, "अरे, तेल लावा रे, बारा वाजले!"