कारखान्यातील माणसांचे स्वभाव



‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण सारेच वापरतो. पण आपल्या या परिसरात ती घरापेक्षा कारखान्यात अधिक ऐकू येते. शिफ्ट सुटल्यावर दोन सुपरवायझर चहाच्या टपरीवर उभे राहिले की बोलणे यंत्रावरून माणसांवर येतेच. अमका मुळातच आळशी, तमका भांडखोर, तिसरा घुम्या. निदान झाले, आणि औषध नाही हेही ठरले! इतक्या झटपट निकाल तर कोणत्याही न्यायालयात लागत नाही.

असे का होते याचे एक कारण आपल्या गावाच्या इतिहासातच आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढच्या दशकात टेल्को आली, आकुर्डीला बजाज ऑटो आली, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांनी भोसरी भरून गेली. अलीकडच्या पंचवीसएक वर्षांत हाच पट्टा चाकणपर्यंत लांबला. आरंभी भरती झालेला कामगार बहुधा जवळपासच्या गावचा असे. फोरमनला त्याचे घर ठाऊक, शेत ठाऊक, त्याच्या बहिणीचे लग्न कधी आहे तेही ठाऊक. मग सातारा-सांगलीची मुले आली, मराठवाडा-विदर्भातील आली. आज चाकणच्या एखाद्या शेडमध्ये बिहार आणि ओडिशाची मुले मराठी सुपरवायझरच्या हाताखाली हिंदीतून काम शिकत असतात. त्यांतले पुष्कळसे कंत्राटावर असतात. वर्ष पुरे होण्याच्या आतच निघून जातात. जो माणूस ओळखीचा नाही आणि ओळख व्हायला जो थांबणारही नाही, त्याच्याकडून आठ तास काम करून घ्यायचे, हे आजच्या सुपरवायझरचे खरे कोडे आहे. अशा वेळी कोणी माणसांच्या जाती पाडून दाखवू लागला, तर त्याच्याभोवती गर्दी जमावी हे साहजिक आहे.

जाती पाडण्याची हौस जुनी आहे. ग्रीकांनी शरीरातील चार रसांवरून चार स्वभाव कल्पिले. आपल्या आयुर्वेदाने वात, पित्त आणि कफ यांवरून प्रकृती सांगितल्या. गीतेच्या अठराव्या अध्यायात तर कर्त्याचेच सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भेद आहेत. पण मला या बाबतीत समर्थ रामदासांचा मार्ग अधिक व्यवहारी वाटतो. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी मूर्खाची लक्षणे सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाचीही सांगितली. ही लक्षणे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. ती बहुतेक वागण्याची लक्षणे आहेत, आणि ती कशासाठी सांगितली, तर श्रोत्याने त्यांचा त्याग करावा म्हणून. म्हणजे माणूस जन्मजात एका खणात बसलेला आहे, असे समर्थ मानीत नाहीत. आमच्या काही आधुनिक तज्ज्ञांनी एवढे जरी ध्यानात घेतले असते!

आधुनिक काळात या विद्येला चालना दिली ती कार्ल युंग याने. १९२१ साली त्याने मानसिक प्रकारांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि अंतर्मुख व बहिर्मुख हे शब्द जगभर गेले. त्याच्या विचारांवरून अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या दोघींनी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यातून माणसांचे सोळा प्रकार निघतात आणि प्रत्येकाला चार अक्षरांचे नाव मिळते. आज मोठ्या कंपन्यांच्या शिबिरांतून ही प्रश्नावली भरून घेतात. शिबिराहून परतलेला एखादा मॅनेजर आपली चार अक्षरे अशा काही समाधानाने सांगतो, की पूर्वी लोक रास आणि गण सांगत त्याची आठवण यावी.

या सोळा खणांत अडचण काय आहे, ते उंचीच्या उदाहरणावरून चटकन कळेल. आपण या सभागृहातील मंडळींना उंचीप्रमाणे एका रांगेत उभे केले, तर काही फार उंच निघतील, काही फार बुटके निघतील आणि बहुसंख्य मधले निघतील. आता मध्यावर एक रेघ ओढून इकडचे सगळे ‘उंच’ आणि तिकडचे सगळे ‘बुटके’ असे म्हटले, तर रेघेच्या दोन्ही अंगांना उभे असलेले दोन शेजारी, ज्यांच्यात बोटभर अंतर नाही, ते दोन भिन्न जातींचे ठरतील. बोलकेपणाचे नेमके असेच आहे. बहुतेक माणसे मधली. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली, तर पुष्कळांची चारांपैकी एखादे तरी अक्षर बदललेले आढळते. ज्याची जात दोन महिन्यांत बदलते, त्याला कोणत्या कामावर नेमायचे हे त्या जातीवरून कसे ठरवणार?

मग लोकांना ते वर्णन इतके पटते कसे? याचे उत्तर बर्ट्राम फोरर या प्राध्यापकाने मोठ्या मौजेने दिले. १९४८ साली त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची कसोटी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वभावाचे वर्णन दिले. ते कितपत जुळते याला पाचांपैकी गुण द्या म्हणून सांगितले. सरासरी चाराच्याही वर गेली. मग उघड झाले की सगळ्यांना दिलेला कागद अक्षरशः एकच होता, आणि त्यातील वाक्ये ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेली होती. ‘तुम्ही वरून संयमी दिसता, पण आत पुष्कळदा चिंता करता’ असे म्हटले, तर मान कोण हलवणार नाही?

याहून भरवशाचा मार्ग प्रकारांचा नव्हे, गुणविशेषांचा आहे. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी इंग्रजीचा मोठा कोश चाळून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द वेचले. (आपल्या मराठीचा कोश कोणी असा चाळला, तर एकट्या खवचटपणालाच पानभर जागा लागेल.) या शब्दांची पुढे अनेकांनी चाळणी केली आणि शेवटी पाच मोठे गुणविशेष हाती लागले. ते असे, की प्रत्येक माणसात पाचही असतात, मात्र प्रमाण निराळे. नव्याची ओढ, कामातला काटेकोरपणा, बहिर्मुखता, इतरांशी जमवून घेण्याची वृत्ती आणि मनाची चलबिचल. १९९१ साली बॅरिक आणि माउंट यांनी तोवरचे कितीतरी अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बहुतेक सर्व प्रकारच्या कामांत उपयोगी पडणारा गुण एकच ठळकपणे दिसला, तो म्हणजे काटेकोरपणा. बोलकेपणा विक्री आणि व्यवस्थापन यांत उपयोगी पडतो. गेज घेऊन तासन्‌तास माल तपासणाऱ्याला त्याचा उपयोग थोडाच. पण काटेकोरपणाचा हा संबंधसुद्धा बेताचाच आहे, हे मुद्दाम सांगतो. त्यावरून अंदाज बांधता येतो, माणसाचे भविष्य वर्तवता येत नाही.

आणि येथून पुढे खरा प्रश्न सुरू होतो. वॉल्टर मिशेल याने १९६८ साली असे दाखवून दिले की एकच माणूस एका प्रसंगी जसा वागतो, तसा दुसऱ्या प्रसंगी वागेलच असे नाही. घरात अबोल असणारा भजनात पुढे बसून गातो. बैठकीत तोंड न उघडणारा कामगार गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करण्यात सगळ्यांच्या पुढे असतो. त्याच्या आधी कुर्ट लेविन याने तर सूत्रच मांडले होते, की वर्तन हे माणूस आणि परिस्थिती या दोहोंवर अवलंबून असते. गंमत अशी की स्वतःच्या बाबतीत आपण परिस्थिती पाहतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत स्वभाव. मला उशीर झाला तर मोशीला वाहतूक अडली होती. कामगाराला उशीर झाला तर तो बेशिस्त.

हे केवळ अन्यायाचे आहे असे नाही. ते धोक्याचेही आहे. पॉवर प्रेसचे उदाहरण घ्या. आपल्या पट्ट्यातील लहान कारखान्यांतून पत्र्याचे भाग याच यंत्रावर ठोकले जातात. कामगार पत्रा साच्यात ठेवतो, वरून दाब येतो, भाग तयार होतो. हात साच्यात राहू नयेत म्हणून दोन बटणे दूर दूर बसवलेली असतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याखेरीज प्रेस चालत नाही. १९४८च्या कारखाने कायद्याचे २१वे कलम धोकादायक यंत्रांना आडोसा असलाच पाहिजे असे सांगत असे. आता असे समजा, की एखाद्याने एका बटणात लाकडाची पाचर मारून ते दाबलेलेच ठेवले आणि एक हात मोकळा केला. एके दिवशी बोटे गेली. चौकशीच्या कागदावर काय लिहिले जाते? ‘कामगाराचा निष्काळजीपणा.’ म्हणजे स्वभाव!

पण जरा खोलात जा. तासाला किती नग काढायचे हा आकडा कोणी ठरवला? दोन्ही बटणे दाबून तो आकडा पुरा होतो का? पाचर दिवसाढवळ्या दिसत असताना सुपरवायझर तिच्याजवळून किती वेळा गेला? क्लच झिजून प्रेस एका ठोक्याऐवजी दोन ठोके मारते, ही तक्रार आधी झाली होती का? त्या यंत्रावर तो कितवा दिवस होता? या प्रश्नांची उत्तरे घेतली, तर पुष्कळदा असे निघेल की त्या जागी आपला सर्वांत काटेकोर माणूस उभा केला असता, तरी त्यानेही पाचरच मारली असती. ‘निष्काळजी’ हा शब्द लिहिला की चौकशी संपते, त्या जागी दुसरा मुलगा उभा राहतो आणि पाचर मात्र तिथेच राहते. एका विशेषणाची किंमत चार बोटे असू शकते, श्रोतेहो.

शिक्का आधी आणि माणूस मागून, याचा एक नमुना याच गावाशी बांधलेला आहे. १९७४ साली बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या फलकावर टेल्कोची अभियंत्यांसाठी जाहिरात लागली होती. स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे तीत स्पष्ट म्हटले होते. तिथे शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला. पुण्याला मुलाखतीचे बोलावणे आले, आणि त्या टेल्कोतील पहिल्या स्त्री अभियंता झाल्या. त्याच आज सुधा मूर्ती म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. जाहिरात लिहिणारा मनुष्य दुष्ट असेल असे मला वाटत नाही. ‘यंत्रशाळा बायकांच्या प्रकृतीला मानवत नाही’ एवढेच त्याने गृहीत धरले असावे. त्याच कंपनीच्या पिंपरीच्या कारखान्यात अलीकडे मोटारी जुळवणारी अशी रांग उभी राहिली, की जिच्यावर स्त्रियाच काम करतात. या पन्नास वर्षांत बायकांचा स्वभाव पालटला, असे कोणी म्हणणार आहे काय?

१९८९चा टेल्कोतील तंटाही पुष्कळांना आठवत असेल. त्या सप्टेंबरात कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले होते आणि महिनाअखेरीस पोलिसांनी त्यांना तेथून हलवले. तेव्हापासून आजवर ती हकीगत राजन नायर आणि रतन टाटा या दोघांच्या हट्टाची म्हणून सांगितली जाते. हट्ट असेलही, पण करार कोणत्या संघटनेशी करायचा, हा प्रश्न स्वभावाचा नव्हता, आणि दोघेही शांत प्रकृतीचे असते म्हणून तो आपोआप सुटला नसता.

मग सुपरवायझरने करावे काय? मी तरी वर्गात एकच सवय लावायला सांगतो. वहीत विशेषण लिहू नका, घडलेले लिहा. ‘उद्धट आहे’ असे न लिहिता ‘मंगळवारी दुसऱ्या शिफ्टला जादा काम सांगितले तेव्हा सर्वांदेखत नकार दिला’ असे लिहा. लगेच पुढचा प्रश्न सुचतो, की सर्वांदेखत का सांगितले? जो गप्प असतो त्याला बैठकीत एकाएकी उठवू नका. विषय आदल्या दिवशी कानावर घाला आणि यंत्राजवळ एकटा असताना विचारा. मनाची चलबिचल ज्याला अधिक, त्याला कामातील बदल आयत्या वेळी सांगू नका. हे करायला सोळा खण लागत नाहीत. आठवडाभर नीट पाहावे लागते.

सभेत अनेक पालक बसले आहेत, आणि त्यांचा प्रश्न मला ठाऊक आहे. मुलाने नोकरीच्या स्वभावचाचणीत काय लिहावे? खरे तेच लिहावे. या प्रश्नावल्यांत पुष्कळदा एकच गोष्ट शब्द बदलून पुन्हा विचारलेली असते. बनवलेली उत्तरे तिथे एकमेकांशी भांडू लागतात. आणि समजा बनाव साधलाच, ‘मला रोज नवी माणसे भेटायला आवडतात’ असे लिहून एखाद्या एकलकोंड्या मुलाने विक्रीची जागा मिळवली, तर सोमवारपासून त्याला गावोगावी खरोखरीच ती माणसे भेटत हिंडावे लागेल. अहवालाची प्रत मात्र त्याने अवश्य मागावी. काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. मागायला हरकत कसली?