खांद्यातली गाठ सोनोग्राफीच्या पडद्यावर

मानेच्या बुडाशी, खांद्याच्या वरच्या कडेला अंगठ्याने जरा दाबून पाहा. बऱ्याच जणांना तिथे ताठर दोरी लागेल आणि तिच्यात एक दुखरी गाठ. काहींची कळ थेट कानशिलापर्यंत जाईल. हाच ट्रिगर पॉइंट. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांनी १९८३ साली ग्रंथ काढून कुठल्या स्नायूतली गाठ कुठे दुखते याचे नकाशेच मांडले. निदान मात्र बोटांच्या भरवशावर राहिलं, आणि एकाच खांद्यावर दोन तज्ज्ञांच्या बोटांचं एकमत होईलच असं नाही. एक्स-रेत काही दिसत नाही, रक्ताच्या तपासणीत काही येत नाही. मग 'तुमच्या मनाचं आहे' हे पेशंटने ऐकायचं!

गाठ डोळ्यांनी दिसावी म्हणून सोनोग्राफीकडे वळणं साहजिक होतं. १९९९ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात हाती काही लागलं नाही. २००९ साली अमेरिकेत सिद्धार्थ सिकदर, जय शाह, लिन गर्बर आणि सहकारी संशोधकांनी एक साधी युक्ती केली. सोनोग्राफीच्या प्रोबबरोबरच त्यांनी स्नायूवर हातातला मसाजर लावला, सेकंदाला सुमारे ९२ कंपनांचा. मऊ स्नायू थरथरतो, कडक भाग कमी थरथरतो. हालचाल रंगांत दाखवणाऱ्या डॉप्लरच्या चित्रात तिथे रंग विरळ होतो. साध्या चित्रातही त्याच जागी लंबगोल, काळसर डाग दिसला, मसुराच्या दाण्याएवढा. आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते: दुखऱ्या गाठींजवळच्या धमन्यांत हृदय शिथिल होताना रक्त क्षणभर उलट वाहताना आढळलं. पुढची वाट अडलेली असल्याची ती खूण असू शकते.

तेव्हा तिथे काहीतरी आहे, एवढं मी मान्य करतो. पण २००९च्या त्या अभ्यासात माणसं होती अवघी नऊ. डाग दिसला म्हणजे वेदनेचं मूळ सापडलं असं होत नाही. न दुखणाऱ्या गाठीही पडद्यावर दिसतात. २०१५ साली क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन या संशोधकांनी तर ट्रिगर पॉइंटची सगळी उपपत्तीच चुकीची ठरवली. मला ते टोकाचं वाटतं, पण त्यांचे प्रश्न अजून उभे आहेत.

सोनोग्राफीलाच अल्ट्रासाउंडही म्हणतात, त्यामुळे आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. फिजिओथेरपीत 'अल्ट्रासाउंड दिलं' म्हणतात, ते उपचाराचं यंत्र; त्यात चित्र निघत नाही. चित्र काढणारं यंत्र वेगळं, आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे त्याची नोंदणी सक्तीची आहे.

गाठ शोधण्यासाठी कुणी सोनोग्राफी सुचवली, तर पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: डॉक्टर, चित्रात गाठ दिसली किंवा नाही दिसली, तर माझ्या उपचारात काय बदलणार?