पालकसभेतले वाल

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी पनवेलमध्ये बालवाडी चालवते म्हटलं की तुम्ही हसता, "म्हणजे मुलांना खेळवतेस!" खरंच आहे ते. पण खेळवण्यापेक्षा ते खेळणं आईवडिलांना समजावणं कठीण. तुमच्यातले निम्मे आता आजी-आजोबा झालात, म्हणून आज तेवढंच बोलते.

२०२२ साली पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. वय तीन ते आठ हा एकच टप्पा. तीन ते सहा वयाला पाठ्यपुस्तक नेमू नये, असं त्यात स्पष्ट आहे. कोणत्या वयात साधारण काय जमावं, याची कोष्टकंही आहेत. मी उत्साहाने पालकसभेत ती वाचून दाखवली. 'अध्ययन निष्पत्ती', 'सूक्ष्म कारक कौशल्ये'... दहा मिनिटांत अर्धी सभा मोबाइलमध्ये. शेवटी एक आई म्हणाली, "ते ठीक आहे टीचर, पण एबीसीडी कधी लिहून घेणार?"

मला तिचा राग आला नाही. एके काळी मीच ती आई होते. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना मी रोज संध्याकाळी त्याच्याकडून पानंच्या पानं गिरवून घ्यायचे. एक दिवस वही सापडेना. चार दिवसांनी ती तांदळाच्या डब्यामागे मिळाली. त्यानेच लपवली होती. मी त्याला ओरडले, आणि ते ओरडणं आजही आठवतं. पुढे बरीच वर्षं लिहायचं म्हटलं की त्याचं पोट दुखायचं.

पुढच्या सभेला मी कागद नेले नाहीत, मोड आलेले वाल नेले. वाल सोलणं आपल्या रायगडात कुणाला शिकवावं लागत नाही. मुलं आणि पालक समोरासमोर बसवले. अंगठा आणि तर्जनीने दाबून साल काढायचं, डाळिंबी वाटीत टाकायची. पेन्सिल धरायला बोटांची हीच ताकद लागते, हे मला सांगावंच लागलं नाही. एक बाबा स्वतःच म्हणाले. मग त्या आईला म्हटलं, "मुलाकडून पाच डाळिंब्या मागा." पोरगा वीसपर्यंत न थांबता म्हणायचा, त्याने मूठभर उचलून दिल्या. ती ओशाळली. मी म्हटलं, अहो, यात लाजायचं काय, म्हणणं आणि मोजणं वेगळं, आणि मोजणं घरी ताटं मांडताना येतं.

यात माझं डोकं काही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे ते काम कोसबाडला गेलं. भोवतालच्या साध्या वस्तूंनीच त्या शिकवत.

एक मात्र मी ठामपणे सांगते. कोष्टक म्हणजे शर्यतीचं वेळापत्रक नव्हे, पण ते दुर्लक्ष करण्यासाठीही नाही. तीन वर्षांचं मूल हाक मारल्यावर वळत नसेल, दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, तर "बोलेल हळूहळू" म्हणत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आजी-आजोबांनो, हे वाक्य घरोघर तुम्हीच म्हणता!

"पहिलीत मागे पडला तर?" हा प्रश्न अजून येतोच. त्यावर मी दर महिन्याची चित्रं ठेवलेली मुलाची फाइल उघडते. काहींना पटतं, काही दुसरीकडे नाव घालतात.

बाई, पहिलीत तुम्ही आम्हाला चिंचोक्यांनी 'ग' मांडायला लावायचात. तेव्हा वाटायचं, आज अभ्यासाला सुट्टी. परवा पुन्हा सभा आहे. निघताना वाल भिजत घालूनच आले आहे.