वेगाच्या शाळेत

पस्तीस वर्षे मोटार चालविलेल्या माणसाने पुन्हा मोटार शिकावयास शाळेत जावे, हे ऐकून आपणांस हसू येईल. माझ्या घरीही सारे हसले होते. परंतु काही वर्षांपूर्वी पुतण्याकडे अमेरिकेस गेलो असता मी अशा शाळेत दोन दिवस बसलो, आणि तेथे जे उमगले ते आज आपल्यापुढे ठेवावे असे वाटते.

न्यूयॉर्क राज्यात सेनेका सरोवराच्या दक्षिण टोकाशी वॉटकिन्स ग्लेन नावाचे लहानसे गाव आहे. १९४८ साली तेथे मोटारींची शर्यत सुरू झाली, ती चक्क गावातल्या रस्त्यांवरून. लोक घरादारांपुढे उभे राहून ती पाहत. १९५२ साली एक मोटार या गर्दीला घासून गेली. एक लहान मुलगा दगावला आणि अनेक जण जखमी झाले. त्यानंतर शर्यत गावाबाहेर गेली आणि १९५६ साली तिच्यासाठी स्वतंत्र मार्ग बांधण्यात आला. १९६१ ते १९८० पर्यंत अमेरिकेची ग्रां प्री शर्यत याच मार्गावर होत असे. एरवी मोटारप्रेमींची मंडळे हा सुमारे साडेपाच किलोमीटरांचा मार्ग भाड्याने घेऊन आपल्या सभासदांसाठी शाळा भरवितात. माझा पुतण्या अशाच एका मंडळाचा सभासद.

सकाळी प्रथम मोटारीची परीक्षा झाली. चाकांचे नट, ब्रेकचे तेल, टायर सारे तपासले गेले, आणि गाडीतील छत्रीपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढावयास लावली. मग वर्ग भरला. पिवळे निशाण दिसले तर सावध व्हावे, काळे दाखविले तर मुकाट्याने परत यावे. मागच्याने पुढे जावयाचे ते ठराविक जागीच, आणि तेही पुढच्याने खिडकीतून हात काढून वाट दिल्यावर. येथे घड्याळ लावीत नाहीत, पहिला-दुसरा कोणी ठरत नाही.

शिक्षकांनी सांगितलेली एक गोष्ट मनात ठसली. मोटार कितीही जड असो, ती रस्त्याला धरून असते ती चार तळहातांएवढ्या जागेने. ही पकड म्हणजे नोकरदाराचा ठरलेला पगार समजा. तो सारा ब्रेकवर खर्चला, तर वळणासाठी हाती काही उरत नाही. म्हणून ब्रेक लावावयाचा तो वळणापूर्वी, गाडी सरळ असताना. वेग दुप्पट झाला की थांबण्यास अंतर चौपट लागते, हे गणित तर आपण शाळेतच शिकलेलो असतो. फक्त चाकामागे बसलो की विसरतो.

दुपारी मी मार्गावर उतरलो. डोक्यावर शिरस्त्राण, शेजारी शिक्षक. एका लांबलचक उजव्या वळणावर मला वेग अधिक वाटला आणि मी घाबरून अॅक्सिलरेटरवरील पाय एकदम उचलला. त्याच क्षणी गाडीची मागली बाजू बाहेर सरकू लागली. शिक्षक शांतपणे म्हणाले, “जिकडे जायचे आहे तिकडे पाहा, पाय हलकेच पुन्हा ठेवा.” गाडी सावरली. नंतर त्यांनी समजाविले, की पाय एकाएकी उचलला किंवा ब्रेक दाबला, की भार पुढच्या चाकांवर येतो, मागची हलकी होतात आणि त्यांची पकड सुटते.

श्रोतेहो, त्यांचे ते शब्द ऐकताना मी वॉटकिन्स ग्लेनला नव्हतो. मी इंदूरजवळच्या भेरूघाटात होतो. तरुणपणी पावसाळ्यात तेथील एका वळणावर माझी गाडी अशीच फिरली आणि कठड्यावर आदळली. शेजारी धाकटा भाऊ होता. त्याचा पाय त्या दिवसापासून अधू आहे. आजवर मी सर्वांना, आणि स्वतःलाही, पावसाचे कारण सांगत आलो. वळणात मी भीतीने ब्रेक दाबला होता, हे मला आठवत होते. परंतु त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

रात्री भावाला फोन करून मी सारे सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “दादा, पाऊसही होताच की.”

ही शाळा वेगाची म्हणवते. परंतु मी तेथून परतलो तो सावकाश गाडी चालवू लागलो. त्या मार्गावर चूक झाली तर पुढे मोकळी जागा असते, निशाण दाखविणारा माणूस असतो. आपल्या रस्त्यावर मात्र वळणापलीकडे कोणाचे तरी मूल शाळेतून परतत असते. चाकामागे बसताना एवढे ध्यानात असू द्यावे, ही विनंती.