शेजारधर्म आणि कोंबडीचे खुराडे



वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभे राहणाऱ्याने आरंभी वसंताची थोडीफार स्तुती करावी, असा रिवाज आहे. आंब्याचा मोहोर, फुललेला पळस आणि कोकिळेचा स्वर या तिघांना वंदन केल्यावाचून वक्त्याची सुटका नाही. आम्ही मोहोराला आणि पळसाला मनापासून वंदन करतो. कोकिळेच्या बाबतीत मात्र आमची थोडी तक्रार आहे. एक तर आपण जिला गाणारी समजतो तो नर असतो. दुसरे असे की, त्याची मादी आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात ठेवून मोकळी होते. याच ऋतूत एकवीस दिवस एका जागी बसून, पोटाला चिमटा घेऊन पिल्ले उबवणारी एक पक्षीण आपल्या परसात असते. पण तिच्यावर आजवर कोणी कविसंमेलन भरवल्याचे ऐकिवात नाही. त्या कोंबडीचे वकीलपत्र घेऊन आम्ही आज उभे आहोत.

हे व्याख्यान खरे पाहता माघ महिन्यात व्हायला हवे होते. पण व्याख्यानमाला पडली वसंतातली! तेव्हा आज सांगतो त्यातले निम्मे यंदाच्या उन्हाळ्यासाठी आणि निम्मे पुढल्या माघासाठी गाठीला बांधून ठेवावे, अशी विनंती आहे.

प्रथम या पक्ष्याचे कुळ पाहू. आपल्या पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात राहतो तो करडा रानकोंबडा, म्हणजे चुलत घराणे. पुष्कळ कोंबड्यांच्या पायांचा व कातडीचा जो पिवळा रंग दिसतो, तो गुण या करड्या घराण्याकडून आला असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. तेव्हा घाटातल्या रानाशी आपल्या खुराड्याचे नाते आपण समजतो त्याहून जवळचे आहे. आणि रानातला पक्षी वर्षभर अंडी घालीत नाही; पिल्लांना ऊब आणि किडामुंगी मिळेल असा काळ पाहून घालतो.

हा काळ त्याला कळतो कसा? मुख्यतः उजेडावरून. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरअखेरीचा दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि जूनमधला सव्वातेरा तासांचा. डिसेंबरअखेरीपासून दिवस वाढू लागतो. कोंबडीच्या मेंदूतच प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. उजेड डोळ्यांवाटे जातो तसा कवटीतूनही त्या पेशींपर्यंत झिरपतो आणि अंडाशयाला जाग येते. मोठ्या व्यापारी खुराड्यांत दिवे लावून सोळा तासांचा दिवस करतात, तो याच कारणासाठी. परसातल्या कोंबडीला हा दिवा सूर्य फुकट लावतो. पौषात रुसलेली कोंबडी माघात पुन्हा अंडी देऊ लागते, ती आपल्या चाऱ्याला भुलून नव्हे.

आता अंडी वाढली की पहिला मोह होतो तो सगळी विकण्याचा. देशी कोंबडी वर्षाकाठी पन्नास ते ऐंशी अंडी देते, म्हणजे एकेक अंडे मोलाचे. तथापि जो माघातली सगळी अंडी विकतो, त्याच्या खुराड्यात श्रावणात म्हाताऱ्या कोंबड्यांशिवाय काही उरत नाही. म्हणून एखादी कोंबडी खुडूक झाली, अंग फुगवून जागा धरून बसली आणि हात लावताच गुरगुरू लागली, की तिला पाण्यात बुचकळून उठवण्याऐवजी तिच्या पोटाखाली दहा-बारा अंडी द्यावीत. अंडी ताजी असावीत. थंडीत आठवड्याची चालतात. ऊन तापले की तीन-चार दिवसांहून जुनी घेऊ नयेत. हवा साधारण २१ अंशांच्या वर गेली की अंड्यातला जीव अर्धवट वाढू लागतो आणि तिथेच मरतो. अशा अंड्यांवर कोंबडी एकवीस दिवस प्रामाणिकपणे बसते आणि दोष मात्र तिला लागतो! सातव्या दिवशी रात्री अंडे बॅटरीच्या उजेडावर धरावे. आत तांबड्या शिरांचे कोळ्यासारखे जाळे दिसले तर जीव आहे. स्वच्छ दिसले तर ते अंडे काढून घ्यावे.

इथवर सगळे निसर्गाच्या आणि कोंबडीच्या हातात. यापुढे आपले काम सुरू होते, आणि आम्हाला मुख्यतः बोलायचे आहे ते त्यासंबंधी.

खेडोपाडी एक शब्द सर्रास ऐकू येतो. तो शब्द म्हणजे 'मर'. थंडी सरून ऊन वाढू लागले की कोंबड्यांत मर येते, खुराडीच्या खुराडी बसतात, आणि माणसे म्हणतात, यंदा मर आली. जसे काही गारपीट आली! या मरीचे बहुधा कारण असतो तो राणीखेत रोग, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. १९२६ च्या सुमारास तो जावा बेटात आणि इंग्लंडात न्यूकॅसल गावी ओळखला गेला. लगेच पुढे कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला त्याची नोंद झाली, आणि हिंदुस्थानात त्याला तेच नाव पडले. पक्षी झुरतो, हिरवट-पांढरी हगवण लागते, घरघर लागते आणि मान पिळवटते. एकदा झाला की औषध नाही. होण्यापूर्वी मात्र लस आहे, आणि ती काही आजकालची नव्हे. मोठ्या पिल्लांना टोचतात त्या लशीतला विषाणू 'मुक्तेश्वर' या नावानेच ओळखला जातो. मुक्तेश्वरही त्याच कुमाऊँतले. रोगाचे नाव आणि रोगावरचा उतारा दोन्ही एकाच डोंगरातून आले, आणि तरीही आपण अजून 'मर आली' म्हणून कपाळाला हात लावतो.

इथे एक गोष्ट सांगणे आम्हाला भाग आहे. ती सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा अधिकार आम्हाला नाही.

एका फाल्गुनात आमच्या परसात लहानमोठे २२ पक्षी होते. आठवड्याच्या बाजारात दोन तलंगा फार स्वस्त मिळाल्या. त्या इतक्या स्वस्त का, हे विचारण्याऐवजी स्वस्त मिळाल्या म्हणून आम्ही खूश झालो आणि घरी येताच त्यांना बाकीच्यांत सोडले. सहाव्या दिवशी पहिला पक्षी झुरला. पंधरवड्यात १७ मेले. मेलेले पक्षी आम्ही मागच्या नाल्यात टाकले, आणि टाकताना आपण काही गैर करतो आहोत असे मनातही आले नाही. नंतर कुंपणापलीकडच्या आजींच्या कोंबड्या पडू लागल्या. त्यांच्या अकरा होत्या. एकही वाचली नाही. आजींच्या औषधगोळ्या त्या अंड्यांच्या पैशांतून येत. मुलाकडे हात पसरायला नको, एवढेच त्या अकरा कोंबड्यांचे मोल होते. आम्ही भेटायला गेलो तर आजीच आम्हाला म्हणाल्या, "मर आली बाबा, त्याला तू तरी काय करणार?"

आम्ही गप्प बसलो. मर आली नव्हती. ती आमच्या पिशवीतून, आमच्या पैशांनी, आमच्या हाताने आणली गेली होती. हे त्या वेळी सांगण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही.

म्हणून आमचे आजचे सांगणे एकच आहे. परसातली कोंबडी एका घराची नसते. ती कुंपण मानीत नाही. सकाळी आपल्या उकिरड्यावर, दुपारी शेजारच्या जास्वंदीखाली आणि संध्याकाळी परत आपल्या खुराड्यात, हा तिचा दिनक्रम. तिचा रोगही त्याच वाटेने फिरतो. तेव्हा तिची राखणही एकट्याने होत नाही. ती आळीने मिळूनच करावी लागते.

लशीचीच अडचण पाहा. लशीची कुपी मिळते ती शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची. ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी ती कोण आणणार? म्हणून कोणीच आणीत नाही. पण आळीतल्या दहा घरांनी ठरवून आपापल्या खुडूक कोंबड्या एकाच सुमारास बसवल्या, तर सगळ्यांची पिल्ले एका वयाची होतात आणि एक कुपी साऱ्यांना पुरते.

याचा हिशेब पंचांगाशी मोठा छान जुळतो. माघी पौर्णिमेला अंडी ठेवावीत. एकवीस दिवसांनी, फाल्गुन शुद्ध षष्ठी-सप्तमीला पिल्ले निघतात. पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब टाकून द्यायची असते. तो दिवस येतो होळीच्या आगेमागे. दुसरा थेंब तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे पाडव्याच्या सुमारास. आणि आठव्या आठवड्याची टोचणी येते अक्षय्य तृतीयेला. होळी, पाडवा आणि अक्षय्य तृतीया हे तीन सण लक्षात ठेवले की झाले! मध्येच अधिक मास आला तर मात्र सण सोडून पिल्लांचे वय धरावे, आणि कोणती लस केव्हा हे आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एकवार विचारून घ्यावे. देवीची लसही त्याच वेळी विचारावी.

दुसरा नियम बाजाराचा. नवा पक्षी आणला की पंधरा दिवस तो वेगळ्या डालग्याखाली, दूर ठेवावा. त्याला चारापाणी शेवटी द्यावे आणि हात धुवावेत. आणि त्याहून कठीण नियम असा की, आपल्या खुराड्यात झुरणारा पक्षी दिसला तर 'मरण्यापूर्वी चार पैसे होतील' म्हणून तो बाजारात नेऊ नये. ते चार पैसे दुसऱ्या कोणा आजीच्या खिशातून येतात. मेलेला पक्षी नाल्यात न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावा.

एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर ही मानमोडीच आहे असे घरबसल्या ठरवू नये. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तो देशातला पहिला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात तो पुन्हा आढळला. दोन्ही वेळा थंडीचेच दिवस होते. तेव्हा मेल्या पक्ष्याला उघडा हात न लावता तत्काळ दवाखान्यात वर्दी द्यावी. वर्दी दिली तर सगळे पक्षी मारतील ही भीती आम्ही जाणतो. पण लपवले तर माणसाच्या जिवाशी गाठ आहे. अंडी-मांस चांगले शिजवून खाल्ल्यास त्या विषाणूची भीती नाही, हेही त्याच श्वासात सांगतो.

आता राहिला समोरचा उन्हाळा. कोंबडीच्या अंगाची उष्णता मुळातच ४१ अंशांच्या आसपास, आणि तिला घाम येत नाही. ती तोंड उघडून धापा टाकते. तोच तिचा पंखा. पण धापांबरोबर रक्तातला कर्बवायू बाहेर जातो आणि अंड्याच्या कवचासाठी लागणारा माल कमी पडतो. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, आणि कवच घडायला वीसेक तास लागतात. म्हणून वैशाखात कवच पातळ निघते. उपाय साधे आहेत. शिंपल्यांचा चुरा एका परळात कायम ठेवावा. दाणा पहाटे आणि सांजेला द्यावा, भर दुपारी नव्हे. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दिवसातून तीनदा बदलून ठेवावे. पत्र्याला वरून चुना मारावा आणि पश्चिमेला ओले गोणपाट बांधावे. खुराड्याच्या लाकडाच्या फटींतून दिवसा दडणाऱ्या आणि रात्री रक्त पिणाऱ्या तांबड्या किडी असतात. त्यासाठी खुराडे रिकामे करून फटींत चुना भरावा आणि कोंबड्यांना लोळायला राखेचा ढीग द्यावा. यात पैशाचे काम थोडे आहे. रोज डोळे उघडे ठेवण्याचे अधिक.

भगिनी-बंधूंनो, आमच्याकडे जे पक्षी उरले होते, त्यांतली एक कोंबडी पुढल्या माघात खुडूक झाली. नऊ पिल्ले निघाली. त्यांतली पाच आम्ही लस देऊन, वाढवून आजींकडे नेली आणि त्या वेळी खरी हकीकत सांगितली. आजी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग पिल्ले पदराखाली घेत त्यांनी विचारले, "ती लस का काय, ती आळीतल्या बाकीच्यांनाही मिळेल का?"

ती मिळते. कोणी तरी उठून आणायला मात्र हवी. पुढल्या माघी पौर्णिमेच्या आधी आपल्या आळीत कोणाकोणाकडे खुडूक कोंबडी आहे एवढी चौकशी आपण केलीत, तरी आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.